करूळ घाटातली पाचवी पायरी

"आणि एवढ्या ताकदीचं करणार काय तू?" उस्तादांनी विचारलं.

"घाट चढणार!" इंद्रजित म्हणाला. "ट्रकांच्या मागं रखडायचं नाही. एका दमात वर. उस्ताद, तुम्ही एकदा बसून तर बघा..."

उस्ताद गाडीभोवती फिरत होते.

दस्तगीर मुजावर म्हणजे कोल्हापुरातले इंजिनांचे उस्ताद. त्यांनी बांधलेली गाडी शर्यतीत सुटली की लोक झाडांवर चढून बघायचे. इंद्रजित इंगवले त्यांचा शागीर्द. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या हाताखाली शिकलेला. आता पुण्यात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, आणि डिझेल इंजिनाची ताकद वाढवून देणारा माणूस म्हणून नावही होतं.

पुण्यातले लोक त्याला शाबासकी देत. उस्तादांनी मात्र ती कधीच दिली नव्हती.

समोर उभी होती ती गाडी त्याची स्वतःची. मिनीबसच्या सांगाड्यावर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, कल्याणीनं, मिळून उभारलेली. आत पलंग, ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीशी पुस्तकांची फळी. कल्याणी शाळेत भूगोल शिकवायची. मुलांना नकाशावर दाखवलेल्या खिंडी आता स्वतः बघायच्या, म्हणून तिनं नोकरी सोडली होती. पुढच्या आठवड्यात दोघं लडाखला निघणार होते.

इंद्रजितनं इंजिनाच्या वायरींमध्ये एक काळी डबी जोडली होती. पंजाएवढी. ती इंजिनाला जास्त डिझेल ओढायला लावायची. तिचं बटण डॅशबोर्डवर होतं; त्याला पाच पायऱ्या होत्या. चढत्या. ताकद किती झाली ते स्टिअरिंगजवळच्या पडद्यावर हिरव्या आकड्यांत दिसायचं.

"पाचवीवर ठेवलंय," तो म्हणाला. "दीडपट ताकद!"

उस्तादांचे डोळे चमकले. "दीडपट?"

"दीडपट."

"चल तर मग," उस्ताद म्हणाले, आणि पोराच्या उत्साहानं पुढच्या सीटवर चढून बसले.

*

गगनबावडा ओलांडून ते करूळ घाटानं खाली कोकणात उतरले. वैभववाडीत चहा घेतला. ऊन कलायला लागल्यावर गाडी वळवली. आता चढ होता.

इंद्रजित गाडी चालवत होता. डाव्या सीटवर उस्ताद. दोघांच्या मधोमध, गुडघ्यांच्या उंचीला, इंजिनावरचं झाकण. मागच्या सीटवर पट्टा लावून कल्याणी.

पहिल्याच वळणानंतर इंद्रजितनं पाय दाबला.

गाडी अशी उसळली की ओट्यावरची भांडी वाजली. कल्याणी ओरडली, आणि लगेच हसायला लागली. दरीतलं रान खिडकीतून मागं पळत होतं. जांभ्याचा एक ट्रक आला, मागं पडला. दुसरा आला, तोही मागं पडला.

"बघितलं?" इंद्रजित ओरडला. "बघितलं, उस्ताद?"

उस्तादांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "पळतंय, लेका! पळतंय!"

आयुष्यात पहिल्यांदा उस्ताद त्याच्या इंजिनावर खूश झाले होते. इंद्रजितच्या अंगावर काटा आला. त्यानं पाय आणखी खाली नेला. हिरवा आकडा वर सरकला.

घाट अर्धा झाला.

"आता जरा दमानं," उस्ताद म्हणाले.

"घाबरलात?" इंद्रजित हसला.

थोड्या वेळानं उस्तादांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली.

इंद्रजितनं ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. उस्ताद मांडी घालून बसले, म्हणजे रंगलेत. त्याची छाती फुगली.

"इंद्रा, कसला तरी वास येतोय," मागून कल्याणी म्हणाली.

"नवा रंग आहे. तापला की येतो."

"रंगाचा नाही वाटत..."

"अगं, येतोय आता माथा!"

माथा आला. मोकळ्या जागेत त्यानं गाडी घेतली, ब्रेक लावला आणि किल्लीकडे हात नेला. त्याला खाली उडी मारायची होती. उस्तादांच्या समोर उभं राहायचं होतं.

उस्तादांचा हात किल्लीवर येऊन बसला.

"चालू राहू दे."

"पोचलो की, उस्ताद."

"तू पोचलास. ते अजून पळतंय."

इंजिन संथ धडधडत राहिलं. इंद्रजित वाट बघत होता. शाबास येईल... आता येईल...

उस्ताद वाकले. इंजिनाच्या झाकणाचे खटके त्यांनी हाताला रुमाल गुंडाळून उघडले आणि झाकण वर उचललं.

सूर्य बुडाला होता. गाडीत अंधारून आलं होतं. आणि त्या अंधारात खाली, इंजिनाच्या कुशीत, त्यात हवा कोंबणारा टर्बो लाल दिसत होता. लोहाराच्या भट्टीत लोखंड दिसतं तसा. झाकणाच्या आतला, उष्णता अडवायला लावलेला जाड लोकरी नमदा काळा पडला होता. त्याच्या कडेनं एक बारीक ठिणगी हळूहळू पुढं सरकत होती.

उस्तादांनी बाटलीतलं पाणी चुळकाभर घेऊन त्या कडेवर शिंपडलं. चर्र झालं. वाफ वर आली.

कल्याणीनं पट्टा सोडला. ओट्याखाली वाकून गॅसच्या सिलिंडरची नळी काढली. सिलिंडर दोन्ही हातांनी उचलून ती खाली उतरली आणि बरीच लांब चालत जाऊन एका दगडामागं तो ठेवून आली.

परत आली तेव्हा इंद्रजित खाली उतरला होता.

"मी वास येतोय म्हणाले होते," ती म्हणाली.

इंद्रजित मान खाली घालून उभा होता.

"इथं कोल्हापूर तासाभरावर आहे. तिकडं खिंडीत काय केलं असतं आपण? बर्फात?" तिचा आवाज चढला. "चाचा, तुम्हाला कळलं होतं ना? मग गाडी थांबवायला का नाही लावली?"

"त्या वळणांवर थांबायला जागा कुठं हाय, पोरी? मागनं ट्रक. आणि एवढं तापलेलं एकदम बंद केलं असतं तर टर्बोतलं तेल जळून गेलं असतं." उस्ताद क्षणभर थांबले. "दमानं म्हणालो की मी. एकदा."

ते खाली उतरायला लागले. पाऊल टेकताच त्यांचा चेहरा आक्रसला.

इंद्रजितनं बघितलं. उस्तादांची उजवी टाच लालबुंद झाली होती. फोड धरला होता. झाकणाला टेकून होती ती, अर्धा घाटभर.

"म्हणून मांडी घातलीत..." तो पुटपुटला.

उस्तादांनी रुमाल टाचेला गुंडाळला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रजित उस्तादांच्या गॅरेजमध्ये आला तो पान्हे घेऊनच. त्यानं गाडीचं झाकण उघडलं आणि काळ्या डबीची वायर ओढायला घेतली.

उस्तादांनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

"काय करालाईस?"

"काढून टाकतो. नको मला ती ताकद."

"मी काढ म्हणालो?"

"मग काल..."

"काल मी वैभववाडीपासनं पोरासारखा हसत आलोय. तीस वर्षांत असा हसलो न्हवतो." उस्ताद बाकड्यावर बसले. टाचेला पट्टी बांधलेली होती. "ताकदीला कशाला शिव्या घालतोस? तिनं काय केलं?"

"मग चूक कुणाची?"

"तुझ्या पडद्यावर किती ताकद हाय ते दिसतं. व्हय का न्हाई?"

"दिसतं."

"धूर किती तापलाय ते कुठं दिसतं?"

इंद्रजित पडद्याकडे बघत राहिला... हिरवे आकडे. सगळे ताकदीचे.

"पुण्यात गिऱ्हाइकांच्या जीपला कधी लागलं नाही ते," तो हळूच म्हणाला. "जीप घटकाभर पळते, मग जोर सोडतेच. तिला दम खायला मिळतो."

"आणि ही?"

"ही जड आहे. घाट संपेपर्यंत हिला दमच मिळत नाही."

"हां," उस्ताद म्हणाले. एवढंच.

इंद्रजितनं कोट काढून ठेवला. त्या दिवशी तो आपण पुण्यातले कोणी आहोत हे विसरला. टर्बोच्या आधी, धुराच्या नळीला त्यानं स्वतः भोक पाडलं, आटे कापले आणि ताप मोजणारी सळई बसवली. तिचा काटा पडद्याच्या शेजारी आणला. झाकणाला न जळणारा नमदा लावला. टर्बोभोवती उष्णता अडवणारं कापड गुंडाळलं. कल्याणी शेजारी उभी राहून प्रत्येक गोष्ट विचारत होती. हे कशाला? हे तापलं तर काय होतं? काटा कुठवर गेला की पाय सोडायचा? त्यानं काट्याच्या काचेवर लाल रंगाची रेघ मारली, तेव्हा तिनं ती दोनदा तपासून बघितली.

शेवटी इंद्रजितनं बटण दाबत डबी खाली आणली. पाचवी, चौथी, तिसरी... दुसऱ्या पायरीवर त्यानं बोट थांबवलं आणि उस्तादांकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस? काट्याला विचार."

दोन दिवसांनी तिघं पुन्हा करूळच्या पायथ्याशी उभे होते. या वेळी सकाळ होती. कोल्हापुरातून निघताना सिलिंडर पुन्हा गाडीत घ्यायचा की नाही ते कल्याणीवर सोडलं होतं. तिनं घेतला होता.

गाडी सुरू झाली तशी उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ताकद दाखवणाऱ्या पडद्यावर अडकवली. हिरवे आकडे झाकले गेले. उरला तो एकटा काटा.

"चल."

चढ लागला. काटा उठला. इंद्रजितनं पाय दाबला, काटा रेघेकडे झुकला. त्यानं केसभर पाय सोडला, एक गिअर खाली घेतला. इंजिनाचा आवाज मोकळा झाला. काटा थबकला.

पुढचं वळण. पुन्हा तेच. दाबायचं, ऐकायचं, सोडायचं.

पाचव्या-सहाव्या वळणावर त्याला काहीतरी सापडलं. काटा बघायच्या आधीच तळपायाला कळायला लागलं, की आता तापतंय, आता निवतंय. आरशात बघितलं तर मागं काळा धूर नव्हता. गाडी ओढत होती, कुठंही न कण्हता. त्याला पहिल्या चढणीसारखीच उसळी आली. पण आज ती ओरडून बाहेर पडत नव्हती. आत घुमत होती.

"कल्याणी, ऐकतेस?" तो कुजबुजला.

"ऐकतेय," ती मागून म्हणाली. तीही कुजबुजली. "गातंय."

उस्तादांनी डोळे मिटले होते. पाय खाली होते. झाकणाला टेकलेले.

घाटाचा शेवटचा टप्पा आला आणि मागून हॉर्न वाजला.

आरशात लाल एसटी दिसली. खच्चून भरलेली. तिनं पुन्हा हॉर्न दिला, बाजू काढली आणि शेजारी आली. ड्रायव्हरनं इंद्रजितकडे एकदा बघितलं, नुसता हसला आणि पुढं सरकायला लागला.

एसटी! घाटात! आणि कुणाच्या गाडीला मागं टाकतेय, तर डिझेलची ताकद वाढवणाऱ्या इंगवलेच्या!

इंद्रजितचे कान तापले. पाय खाली जायला लागला. डावा हात आपोआप काळ्या डबीच्या बटणाकडे गेला. तीन पायऱ्या. एवढंच. दोन क्षणांत ती एसटी मागं राहिली असती.

काटा रेघेला भिडला.

कल्याणीनं श्वास रोखला.

इंद्रजितचं बोट बटणावर होतं... होतं...

मग त्यानं हात उचलून पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला. पाय सोडला. काटा हळूहळू खाली आला.

एसटी पुढच्या वळणामागं दिसेनाशी झाली. तिची धूळ काचेवर बसली.

"गेली, उस्ताद," तो म्हणाला.

उस्तादांनी डोळे उघडले. मान वळवून मागं बघितलं. ओटा, पलंग, पुस्तकांची फळी, खिडकीतून आलेल्या उन्हात बसलेली कल्याणी. मग इंद्रजितच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"जाऊ दे की. त्यांना घरी पोचायचंय. तू घरातच हाईस."