वीतभर अंतरावरची नजर

फार पूर्वी वेणुवती नगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका वैद्यकुळात जन्मला. त्याचे नाव अनोमदत्त. मोतीबिंदू उतरलेल्या डोळ्याला शलाकेने, म्हणजे धातूच्या बारीक सुईने, पुन्हा दृष्टी देण्याची विद्या त्याला वडिलांकडून मिळाली होती. वीस वर्षांत त्याने शेकडो डोळे उघडले आणि तो राजवैद्य झाला.

पुढे राजमाता नंदवतीचे दोन्ही डोळे अधू होत गेले. आधी दिव्याभोवती धुके दिसू लागले, मग माणसे सावल्यांसारखी झाली. अखेर ती नातवंडांना आवाजावरून ओळखू लागली. राजाने बोलावताच बोधिसत्त्वाने तिला तपासले. उजेड कोणत्या बाजूने येतो, हे तिने अचूक सांगितले.

"मोतीबिंदू पिकला आहे, पण डोळा जिवंत आहे," तो म्हणाला. "दृष्टी परत येईल."

घरी येऊन त्याने शलाका हातात घेतली. नेहमीसारखी डोळ्यांजवळ धरली, तर टोक धूसर दिसले. हात लांब केला तेव्हा थोडे स्पष्ट झाले. गेले काही महिने तो पोथीही दूर धरून वाचत असे, पण तिकडे त्याने लक्ष दिले नव्हते. शलाका घालायची तर वीतभर अंतरावरूनच पाहावे लागते. वयाने त्याची नेमकी तेवढीच नजर नेली होती.

पत्नी म्हणाली, "इतक्या वर्षांची सवय आहे. हात आपोआप चालेल. कुणाला कळणार आहे?"

"डोळा गेला तर जिचा गेला तिला कळेल," तो म्हणाला.

नदीपलीकडच्या गावात त्याचा सहाध्यायी शोणक राहत असे; दोघे त्याच्या वडिलांकडे हीच विद्या शिकले होते. शोणकाला लहानपणापासून दूरचे दिसत नसे. एकदा भरसभेत त्याने राजा समजून छत्रधाऱ्याला नमस्कार केला. सगळे हसले आणि तो नगर सोडून गेला. बोधिसत्त्व त्या सभेत होता. तो हसला नव्हता, पण काही बोललाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो शोणकाच्या दारात उभा राहिला.

"कोण आहे?" शोणकाने डोळे बारीक करून विचारले.

"अनोमदत्त."

"राजवैद्य इकडे कुठे वाट चुकले?"

बोधिसत्त्वाने शलाका पुढे केली. "हिचे टोक पाहून सांग."

शोणकाने ती नाकाजवळ नेली. "एका बाजूने केसाएवढी कोर उडाली आहे. ही कुणाच्या डोळ्यात घालू नकोस."

बोधिसत्त्व उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "मला ती दिसली नाही. राजमातेच्या डोळ्यांत शलाका तूच घाल. आणि त्या दिवशी सभेत मी गप्प बसलो, त्याची मला क्षमा कर."

शोणकाने शलाका बाजूला ठेवली. "नवी शलाका मी घडवून घेईन," तो एवढेच म्हणाला.

राजाला हे कळताच तो संतापला. "ज्याला समोरचा राजा दिसत नाही, तो माझ्या आईच्या डोळ्यात सुई खुपसणार?"

"महाराज, दहा पावलांवरचे त्याला दिसत नाही हे खरे. पण वीतभरावरचे त्याच्याइतके स्वच्छ या राज्यात कुणाला दिसत नसेल. मला तर आता ते दिसेनासेच झाले आहे."

"हे कबूल केल्यावर तुझे पद राहणार नाही."

"ठाऊक आहे, महाराज."

तेव्हा राजमाता म्हणाली, "सुबाहू, डोळा माझा आहे. ज्याने स्वतःचे उणे स्वतःच्या तोंडाने सांगितले, त्याने आणलेल्या माणसाच्या हाती मी तो देते."

वारा पडलेल्या एका सकाळी तिला उजेडात बसवले. बोधिसत्त्वाने तिचे मस्तक दोन्ही हातांनी धरले. "आई, नाकाच्या शेंड्याकडे पाहा. हलू नका."

शोणक वाकला. शलाका आत गेली, पाण्याचा एक थेंब ओघळला आणि मोत्यासारखा पडदा हळूच खाली बसला. त्याने हात पुढे केला. "बोटे किती?"

"तीन," राजमाता म्हणाली. "आणि अंगठा का रे लपवतोस?"

दुसऱ्या डोळ्याचेही तसेच करून, तुपात भिजवलेला कापूस ठेवून दोन्ही डोळे बांधले गेले. दहा दिवस तिने उताणे पडून राहायचे होते. खोकायचे नाही, शिंकायचे नाही. ते दहाही दिवस बोधिसत्त्व तिच्या उशाशी बसून होता. पट्टी सुटली तेव्हा दिसू लागले. तरुणपणीइतके लख्ख नव्हे, पण माणसे ओळखण्यापुरते नक्कीच. तिने धाकट्या नातीला जवळ ओढले. "तुझे केस कुरळे आहेत, हे मला कुणी सांगितलेच नाही!"

राजाने शोणकाला राजवैद्य केले. बोधिसत्त्व त्याच्या शेजारी आसन मांडून बसू लागला. कोणता डोळा उघडेल आणि कोणता नाही, हे तो रुग्णांना खरे खरे सांगे, आणि शोणक शलाका घालू लागला की त्यांचे मस्तक धरी. दोघांच्या हातून पुढे अनेकांना दृष्टी मिळाली.

ही कथा एवढी सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्खूंकडे पाहिले आणि ते म्हणाले, "तेव्हाचा शोणक म्हणजे इथे तुमची चीवरे शिवणारा स्थविर भद्रिल. राजमाता म्हणजे उपासिका उत्पला आणि राजा म्हणजे तिचा मुलगा सुदर्श. अनोमदत्त मी होतो. भिक्खूंनो, आपल्याला काय दिसत नाही, ते चारचौघांत सांगायला जे बळ लागते, ते सत्याचे बळ. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण व्रत, पाळली ती अशी."