सांबरगडाचं निशाण आणि गोजराची भट्टी

"उद्या निशाण फडकलं नाही, तर परवा तू या गडावर दिसायचा नाहीस! बायको, भांडीकुंडी, सगळं उचलायचं आणि चालू लागायचं!"

राजा रणधवल एवढं बोलला आणि निशाणदार खेमाजीने वर बुरुजाकडे पाहिलं. निशाण फडकणार कुठून? आभाळ गच्च दाटलेलं, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. बुरुजावरचं रेशमी निशाण काठीला बिलगून मुकाट लोंबत होतं.

राजाच्या हट्टाला कारण होतं. मागे तो शेजारच्या भुजंगराजांकडे मेजवानीला गेला, तेव्हा त्यांचं निशाण असंच लोंबत होतं. झालं! याला गप्प राहवतंय थोडंच? भर पंगतीत म्हणाला, "निशाण वाळत घातलंय वाटतं? आमच्या गडावर बुवा, वारा कधी पडतच नाही!" आता तेच भुजंगराजे उद्या सांबरगडावर येणार होते. खास निशाण बघायला!

"पण महाराज, वारा..."

"ते मला सांगू नकोस! आणि दोरीने हलवायचं नाही, पंखे घालायचे नाहीत. पाहुणे काय आंधळे आहेत?"

खेमाजी घरी आला तो डोक्याला हात लावूनच. त्याची बायको गोजरा माहेरची भडभुंज्याची. सासरी आली तशी तिने घराला लागूनच भट्टी घातली होती आणि गडावरच्या लोकांना लाह्या-फुटाणे विकत होती. हात चलाख, जीभ त्याहून चलाख!

सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "अहो, रडताय कसले? बाहेर वारा आहे का?"

"असता तर रडलो असतो का गं?"

"मग दारातला हा तरटाचा पडदा आत का ओढला जातोय? आणि भट्टीवरची फोलपटं छपराकडे कुणी पाठवली?"

खेमाजीने वळून पाहिलं. पडदा खरोखरच आत फुगला होता.

"उठा आता! गडावरची फुटकी मडकी गोळा करा. बूड नसलेली मिळाली तर फारच छान!"

दुसऱ्या दिवशी भुजंगराजे चौकात येऊन उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली. निशाण फडफडत होतं! रेशीम नुसतं सळसळत होतं. राजे चक्रावले.

"फडकतंय खरं. पण हे वरच्या बाजूला कसं फडकतंय? आमच्याकडे निशाणं आडवी फडकतात!"

"सांबरगडाचं निशाण आहे, राजे! ते वरच जाणार!" रणधवल ऐटीत म्हणाला. पण मनातून तोही चक्रावला होता. पाहुण्यांना सरबताला बसवून तो धापा टाकत बुरूज चढला. मागोमाग त्याची धाकटी लेक, मैनाराजे, उड्या मारत आली.

वर बघतो तर काय! कठड्याआड रसरशीत कोळशाची भट्टी, तिच्यावर एकावर एक रचलेली बिनबुडाची मडकी, आणि मडक्यांच्या तोंडावर निशाण! शेजारी पदर खोचून गोजरा उभी, आणि तिच्यामागे लपलेला खेमाजी.

"ही लबाडी आहे!" राजा गरजला. "मी वारा मागितला होता, भट्टी नाही!"

"हा वाराच आहे, महाराज. देवसुद्धा असाच करतो."

"देव भट्टी घालतो?" मैनाराजेंनी डोळे मोठे केले.

"घालतो तर! सूर्य हा त्याचा जाळ. ऊन पडलं की जमीन तापते, आणि जमिनीवरची हवा तापते."

"पण हवा तर दिसतच नाही!"

"गाल फुगवा बघू, बाईसाहेब. आता दाबा. हाताला लागलं ना काहीतरी? तीच हवा! मासे पाण्याच्या तळाशी राहतात ना, तसे आपण हवेच्या तळाशी राहतो. बरं, मला सांगा, ज्वारी तापली की काय होतं?"

"लाही होते!"

"पायलीभर ज्वारी उचलाल?"

"छे! जड असते."

"आणि पायलीभर लाह्या?"

"त्या एका हाताने!"

"पायलीचं माप तेच की हो! पण फुललेली लाही जागा अडवते, म्हणून मापात मोजक्याच लाह्या मावतात. हवाही तापली की फुलते, विरळ होते. विरळ झाली की हलकी, आणि हलकी झाली की निघाली वर! मग तिची जागा रिकामी कशी राहील? शेजारची गार, दाट, जड हवा तिथे धावत येते. त्या धावपळीलाच आपण वारा म्हणतो."

राजाला पटलं होतं. पण असं सहज कबूल करील तर तो रणधवल कसला!

"मग देवाचा वारा आज कुठे गेला?"

"ढगांनी त्याचा जाळ झाकलाय, महाराज. त्याची भट्टी गार पडली, म्हणून मी माझी पेटवली. आपलं काम थोडंच थांबतंय?"

मैनाराजे खुदकन हसल्या. राजाची मिशी थरथरली, पण हार मानायची त्याला सवयच नव्हती.

"एवढी हुशार ना तू? मग ऐक! उद्या माझ्या बागेत पाऊस पाडायचा. नाही पडला, तर दोघंही गडाखाली!"

खेमाजी मनातल्या मनात भांडीकुंडी बांधायला लागला. आत्ता कुठे वाचलेलं घर पुन्हा गेलं! गोजराने मात्र पदराने घाम टिपला.

"पाडते की, महाराज! देव समुद्राची वाफ करूनच पाऊस पाडतो, आणि माझी भट्टी तर पेटलेलीच आहे. वर ठेवायला समुद्र तेवढा आणून द्या, आणि तो मावेल एवढी एक कढई!"

राजा असा हसत सुटला, असा हसत सुटला, की खाली भुजंगराजांच्या हातातलं सरबत हिंदकळलं!

"समुद्र नाही गं बाई माझ्याकडे!" डोळे पुसत तो म्हणाला. "पण कढई आहे!"

आणि मुदपाकखान्यातली सगळ्यांत मोठी कढई मोहरांनी काठोकाठ भरून त्याने गोजराच्या दारात पोचवली. निशाणदारी तर खेमाजीकडे राहिलीच, पण त्या दिवसापासून वारा पडला की राजा त्याला काही विचारीत नसे. सरळ गोजराला बोलावणं धाडी!