बुजवलेली जखम

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याने गावातल्या वृद्ध वृक्षवैद्यांना बोलावणे धाडले. वैद्य आपल्या तरुण शिष्याला घेऊन आले, तेव्हा व्यापाऱ्याने त्यांना साधे पाणीही विचारले नाही. अंगणातल्या दोन उंच रॉयल पामकडे बोट दाखवून तो म्हणाला, "या खोडांना भोके पडली आहेत. ती अशी बुजवा, की तिथे कधी काही होते हे कोणाला कळता कामा नये."

झाडे मोठी देखणी होती. करडी, गुळगुळीत खोडे पाहून ती कोणी सिमेंटात ओतली असावीत असे वाटे. त्यांच्यावर हिरवागार, चकचकीत गळा आणि त्याच्याही वर झावळ्यांचा तुरा. नव्या घराच्या दाराशी वैभव दिसावे म्हणून व्यापाऱ्याने ती हौसेने लावली होती. पुढे लेक चालू-बोलू लागली आणि तिने झोपाळ्याचा हट्ट धरला. आता पामला ना फांदी, ना फाटा. झोपाळा टांगणार कशाला? पण लेकीच्या हट्टापुढे बापाचे काय चालते! त्याने दोन्ही खोडांत लोखंडी गज ठोकले, मध्ये आडवी दांडी बसवली आणि तिला झोपाळा बांधून दिला. गौतमी त्यावर नऊ वर्षांची होईपर्यंत झुलली. मग एका पावसाळ्यात तापाचे निमित्त झाले आणि पोर हातची गेली.

सुतक फिटल्याबरोबर व्यापाऱ्याने ते गज उपटून काढले. तिचे कपडे, खेळणी देऊन टाकली. घरात तिचे नाव कोणी घ्यायचे नाही, अशी सक्त ताकीद दिली. माणूस दुष्ट नव्हता. नाव कानी पडले की त्याच्या काळजात कळ उठे, आणि बायकोच्याही उठत असणार, असे त्याने परस्पर ठरवून टाकले होते. समाचाराला आलेले लोकही हेच सांगून गेले होते, की विसरायला शिका, दिवस जातील तशी जखम भरून येईल. असे सांगणाऱ्यांना सांगून लगेच घरी जायचे असते, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आले नाही.

बायको अनसूया हळूहळू मुकी होत गेली. स्वयंपाक करी, नवऱ्याला वाढी, स्वतःचे अन्न नुसते चिवडी. आणि आदल्या दिवशी तिने शांतपणे सांगितले होते, "मी माहेरी जाते. तिथं आई तरी माझ्याशी तिच्याबद्दल बोलेल. मी परत येईन असं धरून चालू नका." व्यापारी हादरला. पण ती काय बोलली ते त्याने ऐकले आणि भलतेच समजून घेतले. त्याला वाटले, उठल्याबसल्या ती भोके दिसतात, म्हणून हिचे मन घरावरून उडाले आहे. भोके गेली की ही राहील. वैद्यांना बोलावणे गेले ते यासाठी.

वैद्यांनी सारे ऐकून घेतले, खोडावरून हात फिरवला आणि शिष्याला म्हणाले, "आतला कुजका भाग खरवडून साफ करून ठेव. मला पलीकडच्या बागेत जायचे आहे. उद्या सकाळी पाहू." शिष्य कामाला वाघ. त्याने भोके साफ केली आणि व्यापाऱ्याची घाई पाहून एक पाऊल पुढे टाकले. आंब्याच्या झाडांना तो करीत असे तसा चुना, विटेची पूड आणि सिमेंट कालवून त्याने दोन्ही भोके ठासून भरली, वरून राख चोळली. खोडाचा रंग आणि लिंपणाचा रंग असे एक झाले की व्यापाऱ्याने खूश होऊन त्याची पाठ थोपटली.

सकाळी अनसूयेची पिशवी भरून तयार होती. टांगा दाराशी उभा होता. व्यापारी तिला अंगणात घेऊन आला आणि म्हणाला, "बघ, आता काही दिसतंय का?"

तिने पाहिले. "तेवढंही पुसलंत?" एवढेच ती म्हणाली.

तेवढ्यात वैद्य आले. त्यांनी एकदा खोडाकडे पाहिले, शिष्याच्या हातातून छिन्नी-हातोडी घेतली आणि ते सुरेख लिंपण फोडायला सुरुवात केली.

"वैद्यबुवा, हे काय आरंभलंत!" व्यापारी ओरडला. "डोकंबिकं फिरलंय का तुमचं?"

वृद्धाचा हात थांबला नाही. दोन्ही भोके मोकळी झाल्यावर ते शिष्याकडे वळले.

"अरे, आंब्याच्या सालीखाली एक जिवंत थर असतो. तो दरवर्षी नवे लाकूड घालतो. जखमेच्या कडा चहूबाजूंनी सरकत येतात आणि एक दिवस ती झाकली जाते. पामला तो थरच नसतो. त्याचे खोड एकदा घडले की घडले. त्याच्या अंगावरचा घाव शेवटपर्यंत तिथेच राहतो. तू वरून बुजवलास, तर ओल आत कोंडेल आणि खोड आतल्या आत कुजेल. बाहेरून कोणाला पत्ता लागणार नाही, आणि एखाद्या वादळात झाड आडवे होईल."

"मग यावर उपाय काय, गुरुजी?" शिष्य खाली मान घालून म्हणाला.

"उघडी ठेवायची. वारा लागू द्यायचा. कडा वाळतात, टणक होतात. भोक राहतेच. शेंड्याचा एकुलता कोंब शाबूत असला, की झाड त्या भोकासकट वाढत राहते." मग ते व्यापाऱ्याजवळ आले. त्यांचा आवाज मऊ झाला. "शेटजी, जखम भरून येईल असे तुम्हाला ज्यांनी सांगितले, ते आंब्याविषयी बोलत होते. लेकरू जाण्याची जखम पामची असते."

व्यापाऱ्याने मोकळ्या झालेल्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. घरात काय कुजत होते आणि त्यावर लिंपण कोणी घातले होते, हे त्याला आता दिसले. तो बायकोकडे वळला. इतक्या महिन्यांत न उच्चारलेले नाव मोठ्या कष्टाने त्याच्या तोंडून बाहेर आले.

"गौतमी... मी दिवसभर दुकानात असायचो. ती इथं काय काय करायची गं? मला सांगशील?"

अनसूया पायरीवर मटकन बसली. "झावळी गळून पडली की धप्पकन आवाज व्हायचा," ती म्हणाली. "भरल्या ताटावरून उठून धावायची. झावळीचं बूड पन्हाळीसारखं रुंद असतं ना, त्यात फतकल मारून बसायची नि म्हणायची, आई, ओढ! मी पदर खोचून तिला अंगणभर ओढायची. एकदा मीच घसरून पडले, तर उठवायचं सोडून ही आपली टाळ्या पिटतेय..." ती हसली, आणि हसता हसता तिला असा हुंदका फुटला की तिला धरायला गेलेला व्यापारीही तिच्याशेजारी बसून ढसाढसा रडला.

वैद्यांनी शिष्याला खूण केली. दोघे पाऊल न वाजवता अंगणाबाहेर पडले.

टांगेवाल्याने दारातून हाक दिली, "बाई, निघायचं ना? ऊन चढायला लागलं."

व्यापाऱ्याने मान वर केली. तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

अनसूयेने डोळे पुसले. "थांबा जरा," ती म्हणाली. "यांना अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय."