कालांजनाचा लेप

एका राज्यात कुणी म्हातारं होत नसे. राजा धीरसेन ऐंशी वर्षं राज्य करत होता आणि दिसायला होता पंचविशीचा. कालांजन नावाच्या जादूगारानं एक लेप दिला होता. रोज तिन्हीसांजेला नगारा वाजे, प्रजा तो लेप स्वतःला चोळी, गुराढोरांना चोळी, आणि दिवसभराची झीज भरून निघे. फुशारकी तर अशी, की हे लोक शेजारच्या राजांना आरसे भेट पाठवत!

पण त्या ऐंशी वर्षांत राज्यात एक मूल जन्मलं नव्हतं. गोठ्यात वासरू नव्हतं. लोक नवस बोलत, उपास करत, आणि शहाणे असे, की नवसाला बसतानाही आधी लेप चोळून घेत.

राणी हेमगौरीला मूल हवं होतं. त्यापायी ती झुरत होती. अखेर ती कालांजनाच्या गुहेत गेली.

"राज्यात मूल होत नाही, हा शाप कसा उतरेल?"

"जित्या जिवाला म्हातारपण का येतं, ते सांग. उत्तर तीनदा देता येईल. तिसरं चुकलं, तर लेप हाडांत मुरेल आणि या राज्यात कधीच मूल होणार नाही."

राणी निघाली. वाटेत बोलणारं जातं भेटलं. ते म्हणालं, "माझ्याकडे पाहा. वापरलं की झिजतं."

राणीनं हेच उत्तर गुहेत जाऊन दिलं. कालांजन हसला.

"जात्याची झीज भरत नाही. तुझं कापलेलं बोट आठ दिवसांत भरतं. मग जिवानं का झिजावं? चूक."

मग सात फण्यांचा नाग भेटला. तो म्हणाला, "जिवाला गाठी मोजून दिल्या आहेत. कात टाकली की एक सुटते. गाठी संपल्या की जीव संपला."

राणीला ते पटलं. कालांजनाला पटलं नाही.

"गाठी सुटतात, खरं. पण त्या पुन्हा बांधता येत असताना जीव बांधत का नाही? अर्धं उत्तर म्हणजे चूकच."

राणी खचली नाही. रानात तिला एक ढोली दिसली, तोंड चिखलानं लिंपलेलं, मध्ये बारीक फट. आत कोंडून घेतलेली धनेश पक्ष्याची मादी आणि पिलं. बाहेरून नर फळं भरवत होता. त्याची पिसं विस्कटली होती, पोट खपाटीला गेलं होतं.

"पक्षिराज, आपण का जेवत नाही?"

"जेवतो, उडण्यापुरतं. राणीसाहेब, शिदोरी एकच आहे. सगळी पिसांना घातली, तर पिसं नवी राहतील आणि पिलं उपाशी मरतील. उद्या ससाण्यानं मला उचललं, तर ती जपलेली पिसं कुणाच्या कामाची?"

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशीच गुहेत गेली आणि ठणकावून म्हणाली, "बळ एकच असतं. जीव ते सगळं स्वतःच्या डागडुजीला लावत नाही, कारण त्यातूनच त्याला लेकरं वाढवायची असतात. तुझा लेप आमच्या लेकरांचं बळ आमच्याच कातडीला चोळतो!"

कालांजनाचा धूर झाला. राज्यातल्या साऱ्या लेपाची राख झाली. ज्याचं वय जिथं थांबलं होतं, तिथून पुढं चालू लागलं. पहिला पांढरा केस दिसला तेव्हा राजानं थयथयाट केला. पुढं वर्षाच्या आत राणीला मुलगी झाली आणि त्याचं आरशाकडे लक्षच राहिलं नाही.

मुलगी सात वर्षांची झाली. तिला खांद्यावर घेऊन गड चढताना राजा अर्ध्या वाटेत थांबला.

"बाबा, दमलात?"

"दमलो," राजा ऐटीत म्हणाला आणि त्यानं तिला खाली उतरवलं. "आता तू पुढं हो."