मुगाला मोड येईना

हळू हळू. पाय न वाजवता या. आत सगळे झोपलेत.

थंडीचे दिवस होते. दुपार होती. जेवणं झाली होती. भांडी पालथी पडली होती. अख्खं स्वयंपाकघर डुलक्या घेत होतं.

पाटावर होती चाळणी. चाळणीत होती पुरचुंडी. पांढऱ्या फडक्याची, घट्ट गाठीची. पुरचुंडीत होते मूग. खूप खूप मूग. रात्रभर पाण्यात भिजलेले, टम्म फुगलेले. आता त्यांनी अंधारात झोपायचं होतं, एकमेकांना चिकटून. मग उद्या सकाळी प्रत्येकाला मोड येणार होता. छोटासा, पांढरा, शेपटीसारखा.

सगळ्यांना येणार होता. एकाला सोडून.

एक इवला मूग बाहेर राहिला होता.

त्याचं असं झालं. सकाळी विजूआत्या मूग बांधत होती. विजूआत्या म्हणजे बकूची आत्या. बकू दीड वर्षाची. बकूला नाचणीचं सत्व हवं होतं, आणि आत्ताच्या आत्ता हवं होतं. तिनं भोकाड पसरलं. आत्याची उडाली तारांबळ. तिनं कशीबशी गाठ मारली आणि पळाली. एक मूग निसटला, ते तिला दिसलंच नाही. फडक्यावर पाणी शिंपडायचं, तेही ती विसरली.

मूग घरंगळला तो थेट पाटाखाली.

दाराआड केरसुणी उभी होती. ऊन उतरलं की आत्या केर काढते. रोज काढते, दिवा लावायच्या आधी. पाटाखालचासुद्धा काढते. मग मूग कुठे जाणार? केरात जाणार.

 मुगाला केरात जायचं नव्हतं. त्याला भावंडांत जायचं होतं. त्याला मोड हवा होता.

म्हणून मूग निघाला. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. आला पुरचुंडीपाशी.

"फडक्या फडक्या, गाठ सोड.
मी राहिलो बाहेर, मला मोड येईना."

फडकं म्हणालं, "मी सुकलोय. सुकलेली गाठ सुटत नाही. पाणी मला भिजवेल, तर गाठ सोडेन."

आतून बारीक बारीक आवाज आले. भावंडं कुजबुजत होती. तहान लागली, म्हणत होती. म्हणजे आतसुद्धा कुणाला मोड येत नव्हता. मुगाला फार वाईट वाटलं.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. मूग आला माठापाशी. माठात पाणी होतं, गार गार, गप्प गप्प.

"पाण्या पाण्या, फडकं भिजव.
फडकं गाठ सोडेना,
मी राहिलो बाहेर, मला मोड येईना."

पाण्यानं एक जांभई दिली. डुबुक. "मला कुठे पाय आहेत? ओगराळं बुडी मारेल, तर मी येईन."

ओगराळं माहीत आहे ना? माठातलं पाणी काढायचं, लांब दांड्याचं. ते खिळ्याला टांगलं होतं आणि झोपेत झुलत होतं. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. मूग आला खिळ्याखाली.

"ओगराळ्या ओगराळ्या, बुडी मार.
पाणी फडकं भिजवेना,
फडकं गाठ सोडेना,
मी राहिलो बाहेर, मला मोड येईना."

ओगराळं म्हणालं, "मी इथे अडकलोय. आत्या मला काढेल, तर बुडी मारेन."

आत्या चटईवर झोपली होती. घुर्र फू. घुर्र फू. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. मूग आला आत्याच्या कानापाशी.

"आत्या आत्या, ओगराळं काढ.
ओगराळं बुडी मारेना,
पाणी फडकं भिजवेना,
फडकं गाठ सोडेना,
मी राहिलो बाहेर, मला मोड येईना."

आत्या झोपेतच पुटपुटली. सकाळी तिनं ताक घुसळलं होतं. मग नाचणीचं सत्व गाळलं होतं, फडकं पिळून पिळून. हात कसा भरून आला होता तिचा. "हात उचलवत नाही रे बाबा," ती म्हणाली. "तेल माझा हात चोळेल, तर ओगराळं काढेन." आणि परत घुर्र फू.

आत्यानं झोपेत उत्तर कसं दिलं? मला नका विचारू. आमच्या घरीही देतात.

खिडकीत होती वाटी. वाटीत होतं खोबरेल तेल. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. मूग आला वाटीपाशी.

"तेला तेला, हात चोळ.
आत्या ओगराळं काढेना,
ओगराळं बुडी मारेना,
पाणी फडकं भिजवेना,
फडकं गाठ सोडेना,
मी राहिलो बाहेर, मला मोड येईना."

तेल बिचारं थंडीनं थिजलं होतं. पांढरं झालं होतं. त्याला हलताही येईना. ते म्हणालं, "ऊन मला तापवेल, तर हात चोळेन."

ऊन कुठे होतं? खिडकीबाहेर. खिडकीचं दार लोटलेलं होतं, आणि ऊन त्याला टेकून पेंगत होतं. मुगानं फटीतून डोकं काढलं.

"उन्हा उन्हा, तेल तापव.
तेल हात चोळेना,
आत्या ओगराळं काढेना,
ओगराळं बुडी मारेना,
पाणी फडकं भिजवेना,
फडकं गाठ सोडेना,
मी राहिलो बाहेर, मला मोड येईना."

ऊन म्हणालं, "एवढ्याशा फटीतून मी कसं येऊ? वारा खिडकी ढकलेल, तर तेल तापवेन. पण लवकर हं. मी उतरायला लागलोय."

खरंच, ऊन उतरायला लागलं होतं. दाराआड केरसुणीची सावली लांब झाली होती.

अंगणात होतं कढीपत्त्याचं झाड. त्याच्या पानांत वारा झोपला होता. मुगानं फटीतूनच हाक मारली.

"वाऱ्या वाऱ्या, खिडकी ढकल.
ऊन तेल तापवेना,
तेल हात चोळेना,
आत्या ओगराळं काढेना,
ओगराळं बुडी मारेना,
पाणी फडकं भिजवेना,
फडकं गाठ सोडेना,
मी राहिलो बाहेर, मला मोड येईना."

एक पान हललं. सळसळ. वारा म्हणाला, "कुणी हसल्याशिवाय मला जाग येत नाही. रोज बकू हसते. आज कुणी हसतच नाही. बकू हसेल, तर खिडकी ढकलेन."

बकू गोधडीवर झोपली होती. दुलई तिनं लाथाडली होती. झबलं वर सरकलं होतं. गोल गोल पोट वरखाली, वरखाली होत होतं. टुणुक, मूग चढला अंगठ्यावर. टुणुक, चढला गुडघ्यावर. टुणुक, चढला पोटावर.

"बकू बकू, जराशी हस.
वारा खिडकी ढकलेना,
ऊन तेल तापवेना,
तेल हात चोळेना,
आत्या ओगराळं काढेना,
ओगराळं बुडी मारेना,
पाणी फडकं भिजवेना,
फडकं गाठ सोडेना,
मी राहिलो बाहेर, मला मोड येईना."

 बकू स्वप्नात होती. तिच्या स्वप्नात दुधाचं तळं होतं, आणि तळ्यात ती पाय बुडवून बसली होती. तिला काहीच ऐकू आलं नाही.

आता पुढे कुणी नव्हतं. कुणाकडे जायचं? मूग दमला होता. तो तिथेच बसला. पोट वर गेलं, मूग वर गेला. पोट खाली आलं, मूग खाली आला. आणि घसरला. घसरत घसरत, घसरत घसरत कुठे गेला?

बकूच्या बेंबीत.

बेंबी अगदी त्याच्याच मापाची होती. तो ओला होता, गार होता. तो आत जरासा वळवळला.

गुदूगुदू. गुदूगुदू.

आणि बकू झोपेत हसली. खुदकन.

बकू हसली, वाऱ्याला जाग आली.
वाऱ्यानं खिडकी ढकलली. कुर्रर्र.
उन्हानं तेल तापवलं.
तेल पातळ झालं, आत्याला जाग आली.

तोंडावर ऊन आल्यावर कोण झोपेल? आत्यानं वाटी ओढली आणि तेल हाताला लावलं. तेलानं हात चोळला, कोपरापासून बोटांपर्यंत. चोळ चोळ चोळला. हात कसा हलका झाला.

आत्यानं ओगराळं काढलं.
ओगराळ्यानं बुडी मारली. डुबुक.
आत्या घटाघटा पाणी प्यायली. पिता पिता तिचं लक्ष पुरचुंडीकडे गेलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "पाणी शिंपडायचंच राहिलं की."

पाण्यानं फडकं भिजवलं. टप टप टप.
फडक्यानं गाठ सोडली.
आतले मूग पाणी प्यायले. तहान भागली. तहान भागली.

आणि आपला मूग? तो अजून बेंबीतच होता. तिकडे गाठ सुटली होती आणि इकडे ऊन उतरलं होतं. आत्यानं केरसुणी हातात घेतली. खर्र खर्र. पाटाखालून खर्र खर्र. चटईपाशी खर्र खर्र. गोधडीपाशी आली, खर्र.

आणि थांबली. बकूचं पोट उघडं पडलं होतं. गारठेल पोरगी, असं म्हणत आत्या दुलई घालायला वाकली. बघते तर काय, बेंबीत मूग!

तिनं तो अलगद उचलला. चिमटीत धरून उन्हात बघितला. चांगला टम्म भिजलेला होता. दाणा वाया घालवणं आत्याला जमत नाही. तिनं तो धुतला, पुरचुंडीत ठेवला आणि गाठ मारली. या वेळी सैल मारली.

आत अंधार होता. ओलं होतं. ऊब होती. सगळी भावंडं थोडी थोडी सरकली. मधोमध एक जागा झाली. मूग तिथे निजला.

बाहेर आत्या बकूच्या बाबांना सांगत होती. बकू म्हणे झोपेत हसली, आत्यानं झोपेतच ऐकलं. सटवाईनं हसवलं असणार. झोपलेल्या बाळांना सटवाई येऊन हसवते, असं आत्या म्हणते. मुगानं ते ऐकलं. त्याला बोलायचं होतं, पण डोळे मिटत होते. तो झोपला.

रात्र गेली. सकाळ झाली. गाठ सुटली.

मोडच मोड. इकडे मोड, तिकडे मोड. आणि मधोमध एक इवला मूग. त्याला होता इवलासा मोड. पांढरा, वाकडा, अगदी शेपटीसारखा. मुगानं तो वळून वळून बघितला.

मग आत्यानं मूग वाफवले, मऊ मऊ. मुगाला वाटलं, ही तर गरम पाण्याची अंघोळ. वर चिमूटभर मीठ आणि थोडं तूप. बशी आली बकूपुढे.

बकूनं बशीत बघितलं. खूप वेळ बघितलं. मग दोन बोटांनी एकच मूग उचलला. बरोबर तोच. तोंडात नाही घातला. झबलं वर केलं आणि बेंबीवर ठेवला.

आणि हसली. खुदकन. या वेळी जागेपणी.

"अगं," आत्या म्हणाली, "हे तुला कुणी शिकवलं?"

बकूनं मूग दाखवला. "मू," म्हणाली. आणि मग तो तोंडात टाकला.

काल मूग पोटावर होता. आज पोटात गेला. तिथेही ऊब होती. मागून भावंडं आली, एक एक, एक एक. मूग जरासा सरकला, सगळ्यांना जागा झाली. मग तो आतून वळवळला.

गुदूगुदू.

बकू पुन्हा हसली. अंगणात कढीपत्ता हलला, सळसळ, आणि खिडकी उघडली.

मुगाला आला मोड, आता झोपा गोड. दुलई घ्या पोटावर, हात ठेवा बेंबीवर.