पिवळ्या दिव्यावरची टिकली

गाडीचे भाग एकमेकांशी तंडायचे, त्या काळातली गोष्ट. सायलेन्सरच्या पाइपात बसून एक सेन्सर धूर हुंगायचा. एक दिवस तो ओरडला, "बाहेरची हवा आत येतेय!" लगेच स्टिअरिंगपुढे पिवळा दिवा लागला.

"खोटारडा! हाकला त्याला!" पाइप खेकसला.

मालकीण कुमुदताईंनी आधी दिव्यावर टिकली चिकटवली, मग तो सेन्सरच बदलून घेतला.

"ये बाबा, तू तरी शहाणा दिसतोस," पाइप नव्या सेन्सरला म्हणाला.

नव्याने एकदाच हुंगलं. "बाहेरची हवा आत येतेय!"

मेकॅनिक यासीनभाई गाडीखाली शिरले आणि हसू लागले. "ताई, तो जुना बिचारा खरंच सांगत होता. पाइपालाच भेग पडलीय."

पाइपाने रागाने तोंड उघडलं, पण आवाज भेगेतूनच आला, फुस्स!