सातही तुकडे मीच वाजवलेत

"मग सर, यात माझा आवाज सापडला का तुम्हाला?"

श्रीरंग ताम्हाणेने विचारलं आणि छोटा स्पीकर बंद केला. अल्बममधले सातही तुकडे वाजून झाले होते.

पायस घोन्साल्विस सर आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते, तसेच बसून राहिले. ओटीसमोर त्यांची केळीची वाडी होती. पाटातून पाणी वाहत होतं. वसईतली सकाळ निवांत होती, पण श्रीरंगच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

पंचवीस वर्षं तो दुसऱ्यांच्या गाण्यांत कीबोर्ड वाजवत आला होता. स्टुडिओतून बोलावणं आलं की जायचं, सांगतील तसं वाजवायचं, घरी यायचं. गाणं गल्लोगल्ली गाजायचं. त्याची सुरुवातीची लकेर लोक शिट्टीवर वाजवायचे. ती कोणाची, हे मात्र कोणी विचारलं नाही.

आता सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याने स्वतःचा अल्बम केला होता. जॅझची मोकळीक आणि फंकचा कंबर हलवणारा ठेका. वर इलेक्ट्रिक पियानोचा उबदार, जरासा घोगरा स्वर. सोमवारी शेवटचा हात फिरवून तो बाहेर पाठवायचा होता. त्याआधी सरांचा शब्द हवा होता. तरुणपणी हॉटेलांतून जॅझ वाजवणाऱ्या याच माणसाने त्याची बोटं पहिल्यांदा पट्ट्यांवर ठेवली होती.

"सर..."

"ऐकलं मी. हात छान चालतोय तुझा. बेस कोणाचा आहे?"

"माझाच. कीबोर्डवर वाजवलाय."

"आणि ड्रम?"

"तेही मीच. सातही तुकडे मीच वाजवलेत सर, पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत. दुसऱ्या कोणाचं बोटसुद्धा लागू दिलं नाही!"

सरांनी डोळे उघडले.

"जेवायलाही एकटाच बसतोस का रे?"

श्रीरंगचा चेहरा उतरला.

"सर, पंचवीस वर्षं सगळ्यांच्या मागे उभा राहिलोय. एकदा तरी पुढे येऊ नये का माणसाने?"

"यावं की."

"मग चुकलं काय?"

सर उठले. ओटीच्या कोपऱ्यात त्यांचा जुना इलेक्ट्रिक पियानो होता. त्यावरची चादर त्यांनी बाजूला केली.

"वाजव."

श्रीरंगने पट्ट्यांवरून हात फिरवला. "डावीकडच्या तिघी मुक्या आहेत सर."

"मग त्यांना बोलवू नकोस."

श्रीरंगने अल्बममधला तिसरा तुकडा धरला. त्याचा सगळ्यात आवडता. बोटं भराभर पळू लागली. सर खांबाला टेकून उभे होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

दारात लुसी मावशी सुपात वाल घेऊन सोलत बसल्या होत्या. सरांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. 'हो', 'नको', आणि सरांचं नाव. तेवढंच.

वाजवता वाजवता श्रीरंगला मागून कसलासा आवाज आला. मावशी गात होत्या. लग्नघरात बायका गातात तसलं एक जुनं गाणं. आवाज कापरा, शब्द अर्धवट, आणि पट्टी भलतीच. त्याच्या तुकड्याशी तिचा काही संबंध नव्हता.

त्याने सरांकडे पाहिलं. सर केळीकडे बघत होते.

श्रीरंगचा उजवा हात थांबला. डाव्या हाताने त्याने मावशींची पट्टी शोधली. एकदा चुकला, दुसऱ्यांदा सापडली. मग एकेक स्वर त्यांच्या आवाजाखाली हलकेच ठेवत गेला.

मावशी पुढची ओळ विसरल्या...

तो थांबला नाही, पुढेही गेला नाही. तेच दोन स्वरमेळ आलटून पालटून वाजवत राहिला.

मावशींना ओळ आठवली. तिच्याबरोबर शब्दही आले, पुरते आणि स्पष्ट. सरांनी शेजारची केळ्यांची रिकामी पाटी उलटी केली आणि तिच्यावर बोटांनी ठेका धरला. चांगला ठसकेबाज फंकचा ठेका! लग्नाचं गाणं डोलायला लागलं. सूप मांडीवरून घसरलं, वाल ओटीभर पांगले. मावशी खळखळून हसल्या आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

किती वेळ गेला, श्रीरंगला कळलं नाही. थांबला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ओठांवर हसू होतं, ते त्याचं त्यालाच जाणवलं.

मावशी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "हो."

तिघांनी मिळून वाल वेचले.

मग श्रीरंगने फोन काढला आणि ग्लेनला लावला. स्टुडिओत त्याच्या शेजारी पंधरा वर्षं बेस वाजवणारा ग्लेन.

"सोमवारी मोकळा आहेस का? ... हो, माझाच अल्बम. ... अरे, रागावू नकोस, आधी बोलवायला हवं होतं. ... हरिदासला सांग ड्रम घेऊन यायला. ... वेगवेगळं नाही, तिघं एकाच खोलीत बसून वाजवू. ... सगळे. सातही."

फोन ठेवला आणि त्याला हलकं वाटलं. अल्बम महिनाभर लांबणार होता. त्याचं काही वाटलं नाही.

सरांनी त्याच्यापुढे केळ्यांचा एक घड ठेवला. "ग्लेनला दे यातली. त्याला आवडतात."

श्रीरंग निघाला. पायरीवर मात्र त्याचं पाऊल अडलं.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"तिघं वाजवणार म्हटल्यावर... कव्हरवर माझं एकट्याचं नाव शोभेल का?"

सर सूप झटकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"नाव तुझंच घाल. वाजवताना मात्र ते ऐकू येऊ देऊ नकोस."